विसाव्यांत चढणारा दाब

घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकींत तरंगत्या चेंडूचा नळ असतो. टाकी भरत आली कीं चेंडू वर उचलला जातो, त्याच्या दांड्यानें नळाचें तोंड मिटतें आणि पाणी आपोआप थांबतें. ही व्यवस्था वर्षानुवर्षें बिनबोभाट चालते. पण एखाद्या दिवशीं त्या नळांतील रबरी चकती झिजते, किंवा तिच्याखालीं वाळूचा एक कण अडकतो. मग नळ मिटलेला दिसतो खरा, परंतु पुरता मिटलेला नसतो. दिवसा घरांतील माणसें पाणी वापरीत असतात, तेव्हां ही गळ कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. रात्रीं सारे निजतात, थेंब थेंब पडत राहतो, आणि पहांटे टाकी ओसंडूं लागते.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या आजच्या रायफलींत याच जातीचा एक दोष उद्भवतो. इंग्रजींत त्याला ‘क्रीप’ म्हणतात, आणि आपल्याकडील नेमबाजहि तोच शब्द वापरतात. क्रीप म्हणजे रांगणें. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडून दाब हळूहळू पुढें रांगत जातो, असा त्याचा अर्थ. फरक इतकाच कीं, पाण्याची टाकी ओसंडली तर जिन्यावरून पाणी वाहतें आणि शेजारी ओरडतात. रायफलींतला दाब मर्यादेबाहेर गेला तर बाहेर कांहींच दिसत नाहीं, ऐकूंहि येत नाहीं. तो दिसतो एकदम लक्ष्याच्या कागदावर, आणि तेव्हां वेळ निघून गेलेली असते.

दहा मीटर अंतरावरील एअर रायफलची स्पर्धा १९८४ सालच्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकपासून या खेळांत आली. भारतीयांच्या मनांत तिला मोठें स्थान मिळालें तें २००८ सालीं बीजिंगमध्यें अभिनव बिंद्रा यांनीं सुवर्णपदक मिळविलें तेव्हां. महाराष्ट्राचा तर या खेळाशीं जुना घरोबा आहे. अंजली भागवत २००० सालीं सिडनीला आणि सुमा शिरूर २००४ सालीं अथेन्सला अंतिम फेरीपर्यंत पोहोंचल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ सालीं कैरो येथें जगज्जेता ठरला. हीं नांवें घरोघरीं ठाऊक झालीं आहेत. परंतु या खेळाडूंच्या हातांतील यंत्राच्या पोटांत काय चालतें, हें फार थोड्यांना ठाऊक असतें. रायफल घेऊन सराव करणाऱ्या मुलामुलींपैकीं अनेकांनाहि तें ठाऊक नसतें, ही त्याहून आश्चर्याची गोष्ट.

या रायफलीच्या नळीखालीं एक लांबट सिलिंडर असतो. त्यांत २०० बारपर्यंत दाबानें हवा भरलेली असते. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब दोन बारांहून थोडा अधिक असतो; म्हणजे येथें त्याच्या जवळजवळ शंभरपट दाब कोंडून ठेवलेला असतो. घोडा ओढला कीं आंतील एक छोटी हातोडी झडपेवर आपटते, झडप क्षणाच्याहि लहानशा भागापुरती उघडते, आणि त्या वेळांत निसटलेली हवा साडेचार मिलिमीटर व्यासाच्या शिशाच्या छर्ऱ्याला सेकंदाला सुमारें १७० मीटर वेगानें बाहेर ढकलते. दारू नाहीं, धूर नाहीं, आणि झटका जवळजवळ नाहीं.

आधीं भरून ठेवलेल्या हवेवर बंदूक चालविण्याची कल्पना मात्र मुळींच नवी नाहीं. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यांत बार्थोलोमॉयस जिरार्दोनी या कारागिरानें बनविलेली हवेची बंदूक आली होती. तिच्या दस्त्यांतच हवेची टाकी असे, आणि ती भरण्यासाठीं हातपंप सुमारें १,५०० वेळां मारावा लागे. १८०३ ते १८०६ या काळांत अमेरिकेचा पश्चिम भाग पालथा घालणाऱ्या ल्यूइस आणि क्लार्क यांनींहि एक हवेची बंदूक बरोबर नेली होती. या जुन्या बंदुकींत एक अंगभूत उणीव होती. टाकी भरलेली असतांना गोळी जोरानें जाई. प्रत्येक गोळीबरोबर टाकींतील दाब उतरे, आणि पुढची गोळी मागच्याहून थोडी मंद जाई. शत्रूची रांग समोर असतां एवढ्या फरकानें कांहीं बिघडत नसे. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका समोर असतां मात्र सारेंच बिघडतें.

ही उणीव दूर करण्यासाठीं सिलिंडर आणि झडप यांच्या मधोमध रेग्युलेटर बसविण्यांत येतो. सिलिंडरमध्यें १९० बार असोत, १५० असोत वा १२०, रेग्युलेटर आपल्या पलीकडच्या लहानशा कोठींत ठराविक दाबाचीच हवा सोडतो. हिशेब सोपा जावा म्हणून हा दाब १०० बार धरूं. झडप कोठींतील हवा वापरते, सिलिंडरमधील नव्हे. कोठी रिकामी झाली कीं रेग्युलेटर ती पुन्हां शंभरापर्यंत भरतो आणि दार लावून घेतो. म्हणूनच पहिली गोळी आणि पन्नासावी गोळी एकाच वेगानें जातात.

हें दार तो केव्हां लावावें हें कसें जाणतो, तें पाहण्यासारखें आहे. रेग्युलेटरच्या आंत एक दट्ट्या असतो. त्याचें डोकें रुंद, दांडा बारीक आणि पोकळ. डोक्याखालीं पोलादी चकत्यांची चळत असते. या चकत्या सपाट नसून बशीसारख्या किंचित् खोलगट असतात. एकीवर एक उलटसुलट रचल्या कीं त्यांची फारच कडक स्प्रिंग तयार होते. फ्रान्समधील ज्युलियें बेलव्हील यानें १८६७ सालीं अशा चकत्यांचें पेटंट घेतलें, म्हणून आजहि त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. ही स्प्रिंग दट्ट्याला दार उघडें ठेवण्याच्या दिशेनें ढकलते. सिलिंडरमधील हवा दांड्याच्या पोकळींतून कोठींत शिरते. कोठींतला दाब वाढतो तसा तो दट्ट्याच्या रुंद डोक्यावर रेटा देऊं लागतो. डोक्याचा व्यास १२ मिलिमीटर धरला तर १०० बार दाबाला हा रेटा सुमारें ११५ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. शर्टाच्या गुंडीएवढी ती चकती, आणि तिच्यावर एका चांगल्या धिप्पाड पहिलवानाचा भार! त्या भारानें स्प्रिंग दबते, दट्ट्या सरकतो आणि दांड्याचें टोंक समोरच्या टणक प्लास्टिकच्या बैठकीवर जाऊन टेकतें. मार्ग बंद होतो. गोळी सुटली, कोठींतील दाब उतरला, कीं स्प्रिंग दट्ट्याला मागें लोटते आणि मार्ग पुन्हां उघडतो.

साऱ्या व्यवस्थेचा भरंवसा त्या टोंकाच्या आणि बैठकीच्या मिठीवर आहे. ती मिठी घट्ट बसली तर कोठींतील दाब शंभरावर थांबतो. तिच्यांत केसाएवढी फट राहिली तर एका अंगाला १९० बार आणि दुसऱ्या अंगाला १०० बार अशी स्थिति असल्यानें हवा त्या फटींतून झिरपूं लागते.

ही गळ किती सूक्ष्म असते याचा अंदाज आकड्यांवरून येईल. कोठींत १० घनसेंटिमीटर जागा आहे असें समजा. तिच्यांतला दाब एका बारानें वाढण्यास बाहेरची साधी हवा केवळ १० घनसेंटिमीटर पुरते. मिनिटाला एक घनसेंटिमीटर हवा झिरपली तरी दहा मिनिटांत दाब १०० चा १०१ होतो. मिनिटाला एक घनसेंटिमीटर म्हणजे औषधाच्या चमच्याचा पांचवा हिस्सा. एवढी गळ कोणत्याहि कानाला ऐकूं येणार नाहीं. पण तीच गळ न थांबतां चालूं राहिली तर एका तासांत सहा बार, आणि दहा तासांच्या रात्रींत साठ बार अशी चढ होते.

सुदैवानें बहुधा ती थांबते. कोठींतील दाब वाढला कीं दट्ट्यावरचा रेटाहि वाढतो, दांड्याचें टोंक बैठकींत अधिक जोरानें रुततें, आणि कित्येकदां चार-पांच बार चढल्यावर फट मिटून जाते. म्हणून क्रीपचे दोन प्रकार ओळखावेत. एक चढतो आणि स्थिरावतो. दुसरा चढतच राहतो. पहिला प्रकार नव्या किंवा नुकत्याच उघडून जोडलेल्या रेग्युलेटरमध्यें सर्रास आढळतो. कोऱ्या बैठकीवर टोंकाचा ठसा अजून उमटलेला नसतो. पांच-पंचवीस गोळ्या झाल्या, एक-दोन रात्री गेल्या, कीं तो आपोआप जातो. दुसऱ्याचें तसें नाहीं. तो रोग आहे, आणि वेळेनें बरा होत नाहीं.

आतां थोड्याशा दाबानें एवढें काय होतें, असा प्रश्न येईल. दहा मीटर जातांना छर्ऱ्याला एका सेकंदाचा सुमारें सतरावा भाग लागतो. तेवढ्या वेळांत पृथ्वी त्याला सुमारें १७ मिलिमीटर खालीं ओढते. रायफलीची नजर हें जमेस धरूनच लावलेली असते. दाब चढल्यामुळें छर्ऱ्याचा वेग सेकंदाला पांच मीटरनें वाढला, तर तो लवकर पोहोंचतो आणि सुमारें एक मिलिमीटर कमी पडतो. म्हणजेच लक्ष्यावर एक मिलिमीटर वर लागतो. या स्पर्धेचें लक्ष्य अवघें साडेपंचेचाळीस मिलिमीटर रुंद असतें आणि त्याच्या मध्यावरील दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. गुण दशांशांत मोजले जातात, सर्वाधिक गुण १०.९, आणि प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश कमी होतो. एक मिलिमीटर म्हणजे चार दशांश.

चार दशांशांची किंमत काय, हें २०१६ सालीं रिओच्या अंतिम फेरींत दिसून आलें. बिंद्रा आणि युक्रेनचा सेर्ही कुलीश यांचे गुण समसमान झाले होते. निकाल एकाच जादा गोळीवर लागला, कुलीशला १०.५ मिळाले, बिंद्रांना १०.०, आणि पदकाची वाट तेथेंच संपली. त्या गोळीशीं क्रीपचा कांहीं संबंध नव्हता, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. पण जेथें अर्ध्या गुणानें ऑलिंपिक पदक दुरावतें, तेथें चार दशांश फुकट घालविणारें यंत्र कोण हातीं धरील?

येथें एक विलक्षण गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दाब वाढला म्हणजे वेग वाढतोच, असें नाहीं. कोठींतील हवा झडपेला पाठीमागून दाबून मिटलेली ठेवीत असते, आणि हातोडीचा घाव मात्र ठरलेला असतो. दाब फार चढला तर तोच घाव झडपेला पूर्वींइतकी उघडूं शकत नाहीं. हवा कमी सुटते आणि वेग उलट घटतो. म्हणून एकाच दोषानें एका रायफलीचा छर्रा वर लागतो आणि दुसरीचा खालीं. रात्रभर भरून ठेवलेल्या रायफलीची पहिली गोळी अगदींच मेल्यासारखी गेली, तर कित्येकजण सिलिंडर रिकामा झाला असें समजून आणखी हवा भरतात. रोग्याला अपचन झालें असतां त्याला जेवूं घालण्यासारखेंच हें आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्यें या दोषाला कायद्याचीहि बाजू आहे. तेथें १२ फूट-पौंडांपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्यावांचून बाळगतां येते. त्याहून अधिक ऊर्जेची बाळगली तर तो गुन्हा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. रायफल साडेअकरा फूट-पौंडांवर लावलेली असली आणि क्रीपमुळें वेग शेंकडा तीननें वाढला, तर ऊर्जा शेंकडा सहानें वाढून बारा पूर्णांक दोन दशांश होते. मालकानें कांहींहि केलेलें नसतां, रायफल कोपऱ्यांत उभी असतांनाच, मर्यादा ओलांडली जाते. म्हणून तेथील जाणते लोक मर्यादेला चिकटून रायफल लावीत नाहींत.

हा दोष इतके दिवस लपून कसा राहतो, याचें कारण त्याच्या स्वभावांतच आहे. तो कामांत दिसत नाहीं, विसाव्यांत दिसतो. नेमबाज रायफल तपासतो कशी? वेगमापक यंत्र मांडतो, एकामागून एक दहा छर्रे सोडतो, दहाहि वेग सारखे आले कीं समाधानानें मान डोलावतो. परंतु दोन गोळ्यांमध्यें अर्धें मिनिट गेलें असेल तर झिरपण्याला अवसर मिळालाच कोठें? प्रत्येक गोळी कोठी रिकामी करते, रेग्युलेटर ती नव्यानें भरतो, आणि चढलेल्या दाबाची खूण पुसली जाते. अशी परीक्षा शंभर वेळां घेतली तरी रायफल शंभर वेळां उत्तीर्ण होईल.

खरी परीक्षा थांबून घ्यावी लागते. आधीं एका लयींत दहा गोळ्या सोडून त्यांचा सरासरी वेग लिहून ठेवावा. मग रायफल तशीच, भरलेली, पांच मिनिटें ठेवावी आणि एकच गोळी सोडून वेग पाहावा. पुन्हां तीन-चार गोळ्या सोडून लय पूर्ववत् करावी. नंतर अर्धा तास थांबावें, आणि पुन्हां एक. शेवटीं रात्रभर ठेवून सकाळची पहिली गोळी मोजावी. पांच मिनिटांनंतरची गोळी थोडी वेगळी, अर्ध्या तासानंतरचीहि तितकीच वेगळी, आणि सकाळचीहि तितकीच, असें आढळलें तर दाब चढून स्थिरावतो आहे. अंतर वाढत गेलें तर बैठक गळते आहे. ज्या रायफलींत कोठीचा दाब दाखविणारा निराळा काटा असतो, त्यांत काम अधिक सोपें. गोळी सोडून काट्याची जागा पाहावी आणि तासाभरानें पुन्हां पाहावी. सिलिंडरचा काटा मात्र या कामीं निरुपयोगी आहे.

परीक्षेंत एक घोटाळा होऊं शकतो. उन्हानेंहि दाब वाढतो. हवा दहा अंशांनीं तापली तर कोंडलेला दाब शेंकडा साडेतीनच्या आसपास चढतो. वातानुकूलित खोलींतून काढलेली रायफल उन्हांतल्या मोटारींत ठेवली तर तिची पहिली गोळी वेगळी जाणारच, आणि तो दोष रेग्युलेटरचा नव्हे. दोहोंचा भेद ओळखण्याची युक्ति साधी आहे. विसाव्यानंतर एक नव्हे, तीन गोळ्या सोडाव्यात. पहिली चुकली आणि दुसरी-तिसरी जागेवर आल्या, तर संशय क्रीपचा. तिन्ही सारख्याच चुकल्या तर कारण अन्यत्र शोधावें: उष्णतेंत, नजरेंत, किंवा नेमबाजाच्या खांद्यांत.

आतां ही फट पडते कशानें? बैठक वर्षानुवर्षांच्या टेकण्यानें झिजते, तिच्यावर खोल चरा उमटतो. दट्ट्याच्या दांड्याभोंवतीं असलेली रबरी ओ-रिंग कडक होते आणि दट्ट्या अडखळत सरकतो. कित्येकदां बैठक निर्दोष असते आणि रेग्युलेटरच्या बाहेरच्या अंगावरील ओ-रिंगच्या कडेनें हवा वळसा घालून कोठींत शिरते. दाराला कुलूप घातलें आणि चोर खिडकींतून आला, त्यांतला हा प्रकार. पण सर्वांत अधिक अपराध घाणीचा असतो. पितळेचा बारीक कीस, ओ-रिंगचा तुकडा, आणि आपल्या देशांत विशेषेंकरून पाणी.

कोंकणांतला किंवा मुंबईचा पावसाळा डोळ्यांपुढें आणावा. तीस अंशांच्या पुरत्या दमट हवेच्या एका घनमीटरांत सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. एक लिटरचा सिलिंडर २०० बारांपर्यंत भरणें म्हणजे बाहेरची २०० लिटर हवा त्यांत कोंबणें. तिच्याबरोबर जवळजवळ सहा ग्रॅम पाणीहि येतें. एवढ्या दाबाखालीं वाफ वाफ म्हणून राहूं शकत नाहीं. तिचें पाणी होतें. रायफलीचा सिलिंडर लिटराहून पुष्कळ लहान असतो, पण तो पुनःपुन्हां भरला जातो. हातपंपानें भरणाऱ्यानें पंपाला हवा सुकविणारी डबी लावली नाहीं, किंवा लावून तिच्यांतले दाणे बदलले नाहींत, तर हें पाणी सिलिंडरच्या तळाशीं सांचतें, धातूला खातें, आणि त्यांतून निघालेली पांढरी भुकटी हवेबरोबर नेमकी बैठकीवर जाऊन बसते. चांगल्या रेग्युलेटरचें आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कोरडी हवा. लोक याच बाबतींत काटकसर करतात आणि मग बैठकीवर खर्च करतात.

दोष लहान असेल आणि दुरुस्तीला सवड नसेल, तर त्याच्याशीं कांहीं दिवस नांदतां येतें. सिलिंडर २०० ऐवजीं १५० बारांवर भरावा; दोन अंगांमधील फरक ९० ते १०० वरून ५० वर येतो आणि झिरपणेंहि मंदावतें. गोळ्या कमी मिळतात, पण सरावाला पुरतात. काम संपल्यावर रायफल भरलेली ठेवूं नये. सरावाच्या आरंभीं पहिल्या दोन गोळ्या हिशेबांत धरूं नयेत. दोन गोळ्यांमधील वेळ शक्यतों सारखा ठेवावा.

सामन्यांत मात्र हें नांदणें कामास येत नाहीं. आरंभीं नेम जुळविण्यासाठीं १५ मिनिटें मिळतात, त्यांत हव्या तितक्या गोळ्या सोडतां येतात. त्यानंतर ७५ मिनिटांत ६० गोळ्या, आणि प्रत्येकीचे गुण धरले जातात. चाळिसाव्या गोळीला मन विचलित झालें म्हणून एखादी मुलगी रायफल खालीं ठेवते, पाणी पिते, डोळे मिटून पांच मिनिटें बसते. तिला हें शिकविलेलेंच असतें, आणि तें योग्यच आहे. पण तेवढ्या पांच मिनिटांत कोठींत दाब रांगत असतो. चढलेली हवा नुसतीच सोडून द्यावी म्हटलें तर सामना सुरू झाल्यावर तशी मोकळीक नसते. ती उठते, पूर्वींहून अधिक शांतपणें नेम धरते, घोडा ओढते, आणि गोळी नऊच्या वर्तुळांत जाते. मग ती स्वतःला दोष देते. प्रशिक्षकहि बहुधा तिलाच दोष देतो: विसावा घेऊन लय मोडली, असें म्हणतो. विसाव्याची भीति एकदां मनांत बसली कीं ती काढणें रेग्युलेटर दुरुस्त करण्याहून फार कठीण जातें. प्रत्येक विसाव्यानंतरचीच गोळी चुकत असेल, तर मुलीच्या मनाची चिकित्सा करण्यापूर्वीं वेगमापक मांडून पाहणें हें प्रशिक्षकाचें कर्तव्य आहे.

रेग्युलेटरवर एक स्क्रू असतो, त्यानें दाब कमीजास्त करतां येतो. पहिली गोळी वर लागते म्हणून हा स्क्रू फिरविण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. स्क्रूनें ठरलेली मर्यादा बदलते. फट जशीच्या तशी राहते. शंभराऐवजीं पंचाण्णवला दार लागेल आणि पंचाण्णवापासून दाब चढूं लागेल, एवढेंच.

दुरुस्तीचें काम शक्यतों जाणत्या कारागिराकडे द्यावें. तें स्वतः करणाऱ्यानें एक गोष्ट जिवाच्या मोलाची समजावी: आंत दाब असतांना एकहि आटा सैल करूं नये. सिलिंडर काढून घेतला म्हणजे रायफल रिकामी झाली असें नाहीं. कोठींत हवा शिल्लक असतेच, आणि ती सुरक्षित दिशेला घोडा ओढून, झडपेचा आवाज पुरता बंद होईपर्यंत, सोडून द्यावी लागते. ११५ किलोंचा रेटा सोसणारा दट्ट्या सुटून डोळ्यावर आला तर काय होईल, हें सांगावयास नको. सिलिंडरवर छापलेली मुदतीची तारीखहि याच वेळीं पाहून घ्यावी. मुदत संपलेला सिलिंडर किती चांगला दिसला तरी वापरूं नये.

रेग्युलेटर उघडल्यावर बैठक भिंगाखालीं धरावी. तिच्यावर टोंकाचा गोल ठसा सर्व बाजूंनीं सारखा उमटलेला असावा. तो एका जागीं तुटलेला असेल, किंवा त्यांतून आडवा ओरखडा गेला असेल, तर बैठक बदलावी. कांहीं रेग्युलेटरांत ती उलटी करून दुसरी बाजू वापरतां येते. काचकागदानें घांसण्याच्या भानगडींत पडूं नये, कारण हातानें घांसलेला पृष्ठभाग डोळ्याला सपाट दिसतो, हवेला दिसत नाहीं. दांड्याचें टोंक बोटाच्या नखानेंसुद्धां खरडूं नये. ओ-रिंगा नव्या घालाव्यात, त्यांना सिलिकोनचें वंगण अगदीं पुसट लावावें. शिवणयंत्राचें तेल किंवा कोणतेंहि खनिज तेल येथें वर्ज्य आहे. एवढ्या दाबाची हवा वेगानें कोंडली जातांना तापते, आणि तेलाची वाफ आंतल्या आंत पेट घेऊं शकते. दट्ट्याखालच्या चकत्या काढतांना त्यांचा क्रम लिहून ठेवावा. तो चुकला तर स्प्रिंगचा ताठा बदलतो आणि सारा दाब नव्यानें लावण्याची पाळी येते. चकत्यांच्या कप्प्यांतून बाहेर जाणारें जें सुईएवढें भोंक असतें, तें बुजलेलें नाहीं याचीहि खात्री करावी. दट्ट्याच्या दोन ओ-रिंगांमधून निसटलेली हवा तेथूनच बाहेर पडते, आणि तेथें हवा जाणवली तर ओ-रिंग कोठें गळते आहे हेंहि कळतें.

जोडणी झाल्यावर सिलिंडर एकदम उघडूं नये. हवा हळूहळू आंत घ्यावी, म्हणजे नवी बैठक चेपली जात नाहीं. मग तीसचाळीस गोळ्या सोडाव्यात आणि त्यांचे वेग पाहूंहि नयेत. तेवढ्यांत टोंकाचा ठसा बैठकीवर बसतो. त्यानंतर रायफल भरून, थंड आणि सावलीच्या जागीं, रात्रभर ठेवून द्यावी. सकाळीं वेगमापक आधीं मांडावा, आणि त्या दिवसाची पहिली गोळी त्याच्यावरूनच जाऊं द्यावी.